भिंतीबाहेरची समाधी

सुरतेत मराठी माणसाला पहिल्या भेटीत हमखास विचारतात, तुम्ही इकडे कधी आलात? नानपुऱ्यातले चंद्रकांत गोसावी या प्रश्नासाठी टपूनच बसलेले असत. "आलो नाही," ते चष्मा काढून सांगत, "आम्ही इथलेच." मग मंगळपुरी, केवळपुरी, संतोकपुरी अशी वाडवडिलांची नावं सुरू व्हायची आणि विचारणाऱ्याला आपण कुठून विचारलं असं होऊन जायचं. खानदेशातून लूमवर कामाला आलेल्यांशी आपला काही संबंध नाही, हे त्यांना न बोलता सांगायचं असे. ते त्यांनी इतक्यांदा न बोलता सांगितलं होतं की अख्ख्या गल्लीला ते पाठ होतं.

चंद्रकांतराव एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होते. क्लार्क म्हणून लागले, चेकवरच्या सह्या पडताळता पडताळता अधिकारी झाले, आणि त्यानंतरही एखाद्या सहीचा संशय आला की काउंटरवरची पोरं चेक घेऊन त्यांच्याच टेबलाशी यायची. ते चेक उजेडाशी तिरपा धरत, नमुन्याच्या सहीशेजारी ठेवत आणि नखानं एकेक वळण तपासत. खातेदार समोर तिष्ठत असे. "गोस्वामीभाई, मारी ज सही छे," असं तो काकुळतीला येऊन सांगे. "ते तुम्ही म्हणता," असं चंद्रकांतराव म्हणत. जिवंत माणसापेक्षा त्यांचा सहीवर विश्वास जास्त. बँकेला असा माणूस सोन्यासारखा असतो. घराला कसा असतो, ते शैलजाबाईंना विचारायचं.

शैलजाबाई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायच्या. दिवसभर वर्गात पोरांच्या थापा ऐकून घरी आल्यावर नवऱ्याच्या पूर्वजांचं पुराण ऐकण्याइतका धीर त्यांच्यात होता. पण हसू मात्र त्यांना आवरत नसे. दिवाणखान्यात चंद्रकांतरावांनी एक लाकडी पाटी लावली होती. दुकानांचे फलक रंगवणाऱ्या पेंटरकडून त्यांनी तिच्यावर वंशावळ रंगवून घेतली होती, वर मंगळपुरी, सर्वांत खाली चंद्रकांत. शैलजाबाई त्या पाटीला 'तुमचं रेशनकार्ड' म्हणायच्या.

ही नावं चंद्रकांतरावांनी हवेतून आणली नव्हती. गोसाव्यांमध्ये माणसाला जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवून पुरतात आणि वर समाधीचा दगड ठेवतात. तापीच्या काठी, कतारगामच्या पुढे एक जुना मठ होता. त्याच्या आवारात भिंतीलगत अशा पाच समाध्या ओळीनं होत्या, आणि त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला चंद्रकांतरावांचे आजोबा उत्तमपुरी आणि वडील नारायणपुरी आपापल्या बायकांशेजारी विसावले होते. प्रत्येक दगडावर नाव, गुरूचं नाव आणि संवत. झिजलेलं अक्षर वाचायची चंद्रकांतरावांची रीत बँकेतलीच होती. दगड ओल्या फडक्यानं पुसायचा, सुकला की वर अंगाला लावायची पावडर हलकेच चोळायची आणि बॅटरी तिरपी धरायची. कितीतरी रविवार त्यांनी असे काढले होते. पावडरचे डबे कुठे संपतात, हे शैलजाबाईंना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

संसारी गोसाव्यांची एक चाल आहे. मुलगा जाणता झाला की बापच त्याच्या कानात मंत्र सांगतो, म्हणजे बाप तोच गुरू. चंद्रकांतरावांच्या वडिलांच्या दगडावरही 'नारायणपुरी, गुरू उत्तमपुरी' असंच होतं आणि उत्तमपुरी हे तर त्यांचे सख्खे वडील. तोच हिशेब चंद्रकांतरावांनी वरपर्यंत लावला. उत्तमपुरींचे गुरू हेमपुरी, म्हणून ते पणजोबा. हेमपुरींचे गुरू दौलतपुरी, म्हणून ते खापरपणजोबा. अशी शिडी चढत ते थेट मंगळपुरींच्या काळापर्यंत, म्हणजे इंग्रजी राज्याच्याही आधीच्या सुरतेत पोचले होते. सगळं अगदी जुळत होतं. आजोबांपासूनच्या समाध्या भिंतीबाहेर का, असं कुणी विचारलं तर "आत जागा संपली" असं ते सांगत. आत चिक्कार जागा होती, पण ते कुणी बघायला गेलं नाही.

शहाण्णव साली त्यांच्या मुलीचं, अनुजाचं लग्न ठरायच्या बेतात आलं. ठरवलं तिनंच. मुलगा केदार गोसावी, पलसाण्याच्या एका डाइंग हाउसमध्ये केमिस्ट. त्याचे वडील बळीराम खानदेशी लूमकामगारांच्या बमरोलीत एका मिलमध्ये मुकादम होते, मूळचे शहाद्याकडचे. जात एकच, मुलगा शिकलेला, मुलीची पसंती. चंद्रकांतरावांना नाही म्हणायला काही सापडत नव्हतं आणि बमरोलीचं नाव काढलं की हो म्हणवतही नव्हतं.

बळीराम पांढरेशुभ्र कपडे घालून मुलाला घेऊन आले. आल्या आल्या त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. त्यांनी चपला काढून तिला हात जोडले.

"एवढी नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत?" त्यांनी विचारलं.

"पाठ कशाला करायची?" चंद्रकांतराव म्हणाले. "आपल्याच माणसांची तर आहेत."

या उत्तरावर बळीराम इतक्या मनापासून खूश झाले की चंद्रकांतरावांना तो माणूस बरा वाटू लागला.

पण सुरतेतल्या गोसाव्यांत लग्न लोटूगिरीबाबांच्या होकाराशिवाय होत नसे. म्हातारा मिलच्या बॉयलरवरून निवृत्त झालेला, बमरोलीतच एका चाळीत राहायचा. कायद्यानं त्याला कसलाच अधिकार नव्हता. पण मांडवात जेवायला माणसं यायची ती त्याच्या शब्दावर, आणि बळीरामांना चार माणसांशिवाय मुलाचं लग्न करायचं नव्हतं. लोटूगिरीबाबांनी मुलाकडच्यांची एकच गोष्ट विचारली, शाखा. "गोसावी तर आपण सगळेच. गिरी की पुरी?"

बळीरामांनी घरातले कागद आणून समोर ठेवले. रेशनकार्डावर नुसतं गोसावी. त्यांच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर गिरी. शेताच्या उताऱ्यावर पुरी.

"मास्तरनी लिखं ते गिरी, तलाठीनी लिखं ते पुरी," बळीराम म्हणाले. "आम्हले दोन्ही चालतस."

"मला नाही चालत," लोटूगिरीबाबा म्हणाले. "गिरी असाल तर उद्या साखरपुडा करा. पुरी असाल तर घराणं कोणतं ते कळलं पाहिजे. पुरीची पोरगी पुरीत देत नाहीत. घराणं अगदी वेगळं असलं तर मी चालवून घेतो. एक निघालं तर पोरं भाऊबहीण झाली, मग विषय संपला."

बमरोलीहून घरी परत येताना शैलजाबाई म्हणाल्या, "एका कागदावर गिरी आहे ना? गिरी म्हणा आणि मोकळे व्हा."

"तीन कागद तीन गोष्टी सांगतात आणि मी डोळे मिटून पास करू?"

"हा चेक नाही, मुलगी आहे."

"म्हणूनच," चंद्रकांतराव म्हणाले.

त्यांच्या मनात आणखी एक होतं, ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही. बळीराम बोलता बोलता म्हणाले होते की आमचा आजा भीमपुरी सुरतेकडूनच खानदेशात आला, कुठल्याशा मठात होता म्हणतात. हे ऐकून चंद्रकांतरावांचे कान टवकारले. व्याहीसुद्धा मुळात सुरतेचाच निघाला तर बमरोलीचा डाग पुसला जाणार होता. शोध लावायचा तो मुलीसाठी असं ते स्वतःला बजावत होते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते मठात गेले. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर महापालिकेनं शहर धुऊन काढायला घेतलं होतं, रस्ते रुंद होत होते. मठाच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं म्हशींचा एक गोठा उभा होता, तो पाडला होता. गोठ्याबरोबर भिंतीचाही थोडा भाग आला होता, आणि हेमपुरींच्या समाधीची पाठ पहिल्यांदाच उघडी पडली होती. तिच्यावर शेणाचा थर होता. चंद्रकांतरावांनी पँट वर खोचली, बादलीभर पाणी मागून घेतलं आणि दगड घासायला सुरुवात केली. खाली अक्षरं होती. पावडर चोळली, बॅटरी तिरपी धरली. 'गुरू हेमपुरी यांची समाधी शिष्य भीमपुरी व उत्तमपुरी यांनी बांधिली.' पुढे संवत एकोणीसशे सत्तर.

पहिल्या क्षणी त्यांना आनंद झाला, हे नमूद केलं पाहिजे. भीमपुरी सापडला होता. तोही आपल्याच मठात, आपल्याच आजोबांच्या नावाशेजारी. असला शोध आजवर त्यांना कधी लागला नव्हता. ओल्या हातांनी ते तिथेच उकिडवे बसले आणि दगडाकडे बघून हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं. उत्तमपुरी हेमपुरींचा मुलगा, तर भीमपुरीही हेमपुरींचाच मुलगा. दोघं सख्खे भाऊ. अनुजा एकाची पणती, केदार दुसऱ्याच्या वंशातला. आपल्या मुलीचं लग्न आपण आपल्या हातांनी मोडलं होतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं पुन्हा त्या दगडाला शेण फासलं असतं. चंद्रकांतराव तिथून रिक्षा करून थेट बमरोलीला गेले आणि लोटूगिरीबाबांना सगळं सांगून आले. घरी त्यांनी नंतर सांगितलं. खोटी सही माहीत असून पास करायची नाही, एवढं एकच तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं, आणि ते पाळण्याची त्यांना फार घाई असायची.

अनुजानं ऐकून घेतलं. आवाज न चढवता तिनं विचारलं, "बाबा, मला आधी सांगावंसं नाही वाटलं?"

"खोट्यावर संसार उभा करायचा का?"

"मी ते नाही विचारलं."

ती उठून आत गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची, पण जेवढ्यास तेवढं. केदारनं कोर्टात लग्न करू म्हटलं, तर बळीराम रडले म्हणे. चार माणसांत केलेलं लग्नच ते लग्न, असं त्यांचं मत होतं आणि बापाला दुखवून सुरुवात करायची नाही, असं अनुजाचं. ती कुणाच्या बापाबद्दल बोलत होती, ते तिनं स्पष्ट केलं नाही.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी शैलजाबाईंनी पदर खोचला. "मला तो दगड दाखवा."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?"

"माझ्या मुलीचं लग्न ज्यानं मोडलं, त्याचं तोंड तरी बघू दे."

शैलजाबाई दर वर्षी सासऱ्यांच्या तिथीला मठात येत, पण भिंतीबाहेरच. बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला दंडक होता. आता भिंत पडलेली, आणि मठाची देखभाल करणारा पुजारी ऊन खात बसला होता. तो म्हणाला, "जाव ने बेन, हवे कोण जुए छे," आता बघणारं कोण आहे! शैलजाबाईंनी बाहेरच्या चारही दगडांवर फुलं ठेवली आणि विटांच्या ढिगावरून आत गेल्या. हेमपुरींच्या दगडाकडे त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं. मग ओळीनं बाकीचे दगड बघत त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"यांच्या बायका कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सासूबाई बाहेर सासऱ्यांशेजारी आहेत. आजेसासूबाई आजेसासऱ्यांशेजारी आहेत. इथे पाच जण बसलेत, एकाचीही बायको नाही. मग हे एकमेकांना झाले कसे?"

चंद्रकांतराव म्हणाले, "पूर्वी बायकांच्या समाध्या बांधत नसतील."

"असेल. आणि बायकांनी आत यायचं नाही हा नियम कुणी केला? नांदत्या घराच्या माणसांनी?"

चंद्रकांतराव दगडांच्या ओळीकडे वळले. इतके रविवार ते या ओळीपुढे गुडघे टेकून बसले होते. प्रत्येक दगडावरचं वेलांटीचं वळण त्यांना ठाऊक होतं. पण ओळीत कोण नाही, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ही माणसं साधू होती. लग्न न केलेली, मूलबाळ नसलेली, गादीवर चेल्यामागून चेला बसवत गेलेली माणसं. बापच गुरू असतो ही चाल संसारी गोसाव्यांची, आणि ती त्यांनी बैराग्यांना लावली होती.

"मग आजोबा कुणाचे?" ते म्हणाले. हा प्रश्न शैलजाबाईंना नव्हता.

रांदेरला त्यांची आत्या सरलाबाई राहायची. उत्तमपुरींच्या मुलांपैकी तीच एक उरलेली, पंचाहत्तरीच्या आसपासची, कान शाबूत आणि जीभ तर फारच. भाचा असा मधल्या वारी आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिनं ओळखलं. चंद्रकांतरावांनी विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच तिनं सांगितलं.

"छप्पनियाच्या, म्हणजे संवत एकोणीसशे छप्पनच्या दुष्काळातली गोष्ट, चंदू. वर खानदेशात खायला काही उरलं नव्हतं. माणसं तापीच्या काठाकाठानं चालत खाली सुरतेकडे यायची. कुणीतरी बाबांना मठाच्या पायरीवर बसवलं आणि पुढे गेलं. चार-पाच वर्षांचं पोर. हेमपुरींनी सांभाळलं, चेला केलं."

"आईबाप कोण?"

"बाबांना एवढंच आठवायचं की आईच्या हातात कथलाच्या बांगड्या होत्या."

"नाव?"

"उत्तम हे हेमपुरींनी ठेवलेलं."

"आधीचं म्हणतोय मी."

"आठवत नव्हतं रे त्यांना," सरलाबाई म्हणाली. "आठवलं असतं तर सांगितलं असतं ना. म्हातारपणी फार आठवून बघायचे."

तिनं ताट बाजूला ठेवलं. भीमपुरी उत्तमपुरींच्या आधीपासून मठात होता, तो भरूचकडून आणलेला, हेही तिला माहीत होतं. दोघं पोरं सारख्याच नशिबाची, पण एका आईची नव्हेत. गुरू असेपर्यंत दोघं थांबले. हेमपुरी गेल्यावर समाधी बांधली आणि मग भीमपुरी खानदेशात निघून गेला. उत्तमपुरींनी मठाच्या दारात फुलं द्यायला येणाऱ्या धुरपदाशी लग्न केलं. मठानं त्यांना बाहेर काढलं. मेल्यावर गुरूच्या जवळ ठेवा एवढं त्यांनी मागितलं होतं, तेव्हा मठवाल्यांनी भिंतीपर्यंत येऊ दिलं, आत नाही.

"तू मला हे कधी बोलली नाहीस," चंद्रकांतराव म्हणाले.

"तू ती पाटी करून आणलीस तेव्हा मला दाखवायला रिक्षात घालून घेऊन आला होतास. आठवतं? तोंड नुसतं फुललेलं तुझं. मी म्हटलं, जाऊ दे. कुणाचं काय जातंय."

आता जात होतं. दोघांचं रक्त वेगळं हे सांगितलं की अनुजाचं लग्न होणार होतं. पण ते सांगायचं म्हणजे उत्तमपुरी कोण होते ते सांगायचं, तेही बमरोलीत, ज्या लोकांपासून आपण निराळे आहोत असं बजावण्यात उभा जन्म घातला त्यांच्यासमोर. आपले लोकही त्याच वाटेनं, त्याच पोटासाठी, फक्त आधी, चालत आले होते. चंद्रकांतरावांना लाज वाटली. कुणाची, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. मंगळपुरी, केवळपुरी ही माणसं आता त्यांची कुणी नव्हती आणि ती गेल्याचं त्यांना एखादं माणूस गेल्यासारखं दुःख झालं. हे ऐकून हसू येईल, पण झालं. ते बँकेत जात, सह्या तपासत, घरी येऊन पाटीकडे पाठ करून बसत.

अनुजाला सगळं सरलाबाईंकडून कळलं होतं. एका संध्याकाळी ती चहा घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली. "तुम्हाला सांगायचं नसेल तर नका सांगू, बाबा. मी केदारलाही बोललेली नाही."

"मग तुझं काय?"

"माझं बघू."

ती भांडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. भांडायला त्यांच्याकडे मुद्दे होते. या समजूतदारपणावर त्यांच्याजवळ काहीच नव्हतं, आणि आपल्या मुलीनं आपल्याला इतकं तकलादू समजावं, हे त्यांना फार लागलं.

त्या रविवारी ते शैलजाबाईंना घेऊन बमरोलीला गेले. लोटूगिरीबाबांच्या खोलीत बळीराम आधीच येऊन बसले होते. शेजारच्या गाळ्यात लूम चालू होते, त्यामुळे बोलायचं ते जरा मोठ्यानं बोलावं लागे. चंद्रकांतरावांच्या मनात सगळं हळू आवाजात सांगून टाकायचं होतं, तेवढीही सवलत त्यांना मिळाली नाही. लूमच्या खडखडाटावरून ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की मठातले पाचही जण आपले पूर्वज नव्हेत. आजोबांना दुष्काळात पायरीवर सोडलेलं होतं. आईबापांचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, जातही माहीत नाही. भीमपुरी वेगळ्या मुलखातला, त्याचं न् आजोबांचं रक्त एक नव्हे.

"गुरुभाऊ तर होते?" लोटूगिरीबाबांनी विचारलं.

"होते. पण दोघांनी लग्नं केली, गादी सोडली. आमच्या आजोबांना मठानं हाकलून दिलं. म्हणून ते भिंतीबाहेर आहेत. मी लोकांना जागा संपली म्हणून सांगत आलो."

म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली. "गादी सुटली, म्हणजे गुरुभाऊपण सुटलं," तो म्हणाला. "रक्त वेगळं. मग पोरं भाऊबहीण नाहीत. आणि लग्नात मुलीकडची नावं घेतात ती तीन. पणजा, आजा, बाप. तेवढी तुझ्याकडे आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं." लोटूगिरीबाबा बळीरामांकडे वळले. "पण बळीराम, ऐकलंस ना? मुलीच्या घराला वर नाव नाही. कुणाची माणसं, कुठली, काही ठाऊक नाही. तुला चालतं का?"

हा प्रश्न येईल असं चंद्रकांतरावांच्या स्वप्नातही नव्हतं. आजवर ते बमरोलीला पसंत करत होते की नाही, एवढाच प्रश्न होता.  आपण सांगितलं ते मुलीसाठी, आणि त्यापायीच तिचं लग्न दुसऱ्यांदा मोडणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी बळीरामांकडे पाहिलं नाही, शैलजाबाईंकडेही नाही.

बळीराम जमिनीकडे बघत होते. 

"आम्हना भीमबाबा बी तसाच," ते म्हणाले. "त्याले बी कोणी सोडं, आम्हले ठाऊक नही. आम्ही ते कधी लपाडं नही, कोणी इचारं बी नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरून ठेवतात. त्या दिवसाबद्दल बळीराम सांगू लागले. भीमबाबा होता तेव्हापासून त्यांच्या घरात एक घागर जास्तीची भरतात. ज्यांनी पोराला सोडलं त्यांची ती घागर. तहानलेलेच गेले असतील, असं भीमबाबा म्हणायचा. त्यांचं नाव माहीत नाही, म्हणून त्या घागरीवर नाव न घेता नुसतं फूल ठेवतात. हे सांगताना बळीरामांच्या आवाजात काही विशेष नव्हतं. घरातली एखादी रीत पाहुण्याला सांगावी तसंच ते सांगत होते.

मग त्यांनी चंद्रकांतरावांकडे पाहिलं. "तुम्हना आजाना मायबाप बी त्याच वाटना. आते दोन भरसूत."

 चंद्रकांतरावांनी चष्मा काढला, पण या वेळी कुणाला काही सांगण्यासाठी नाही. लोटूगिरीबाबांच्या सुनेनं चहा आणून ठेवला होता. शैलजाबाईंनी त्यांचा कप उचलून त्यांच्या हातात दिला आणि ते रडत रडतच तो प्यायले.